शुगरच्या गोळीने दमा होतो का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ४९ वर्षांची असून बार्शी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सात वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होते. तीन महिन्यांपूर्वी बीपी वाढलं आणि लघवीतून प्रथिनं जातात असं निघालं, तेव्हापासून रामिप्रिल ही गोळी रोज एक सुरू आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.४ आली म्हणून डॉक्टरांनी आता रात्री झोपताना इन्सुलिन घ्यायला सांगितलं आहे.

दोन महिन्यांपासून मला कोरडी ढास लागते. कफ पडत नाही. घशात पीस अडकल्यासारखं होतं आणि उबळ आली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबत नाही. रात्री जास्त. वर्गात धडा वाचून दाखवताना मध्येच थांबावं लागतं. माझ्या वडिलांना दमा होता, त्यामुळे भीती बसली आहे. पुण्यातले माझे दीर म्हणाले, ‘इंग्लंडमध्ये संशोधन झालंय, शुगरच्या औषधांनी दमा होतो, आणि इन्सुलिनने तर नक्कीच.’ ते ऐकून मी बारा दिवसांपासून शुगरची गोळी बंद केली. बीपीची गोळी मात्र चालू ठेवली, ती बंद केली तर झटका येतो म्हणतात. सहकारी बाईंनी आठवडी बाजारातून दम्याची पुडी आणून दिली. आठ दिवस घेते आहे. ढास निम्म्याने कमी झाली, पण भूक फार लागते, रात्री डोळा लागत नाही आणि काल सकाळी उपाशीपोटी शुगर २६८ आली. मला औषधांनी दमा लागला आहे का? इन्सुलिन घेऊ की नको? आणि एकदा सुरू केलं की ते जन्मभर सुटत नाही, हे खरं का? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट आजच तपासा. उलट्या होत आहेत का? पोटात दुखतंय, सारखी तहान लागून लघवीला जावं लागतंय, श्वास खोल आणि भराभर चालतोय, गुंगी येतेय, यातलं काही आहे का? असेल तर पुढचं वाचत बसू नका, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. शुगर फार चढून रक्तात आम्ल साठू लागलं की माणूस असा खोल श्वास घेतो. घरच्यांना तो दमा वाटतो, वाफ दिली जाते आणि मोलाचे तास हातचे जातात. तिथे वाफेचा काही उपयोग नसतो, सलाइन आणि इन्सुलिन लागतं.

यातलं काही नसेल, नीट जेवत असाल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की गोळी बारा दिवस बंद आहे, आणि त्यांच्या होकाराने ती जेवणासोबत पुन्हा सुरू करा. रिकाम्या पोटी नको. मेटफॉर्मिन खंडानंतर सुरू केलं की दोन-चार दिवस पोट बिघडू शकतं, तेवढ्यावरून ‘सोसत नाही’ असं ठरवू नका. पुडी मात्र लगेच थांबवा. फेकू नका, उरलेली तशीच जपून ठेवा. कशासाठी, ते पुढे सांगते.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत आधी खटकली ती. तुम्ही बंद केली शुगरची गोळी आणि चालू ठेवली रामिप्रिल. या ढाशीबद्दल मला पहिला संशय येतो तो रामिप्रिलचा.

रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, अशी शेवटी ‘प्रिल’ येणारी ही एक जात आहे. औषध उत्तम आहे. बीपी उतरवतं आणि मधुमेहात मूत्रपिंडाला संरक्षण देतं, म्हणूनच लघवीतून प्रथिनं जायला लागली की ते दिलं जातं. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. पण या औषधांमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काही जणांच्या घशात-श्वासमार्गात तो चाळवाचाळव करत राहतो. त्यातून येते ती हीच ढास : कोरडी, कफ नसलेली, घशात काहीतरी टोचल्यासारखी, आडवं झालं की वाढणारी. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येऊ शकते किंवा काही महिन्यांनीही, त्यामुळे दोन्हींचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही. बायकांमध्ये ती जास्त आढळते. डोस कमी केला म्हणून जातेच असं नाही आणि खोकल्याच्या बाटल्यांचाही तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. गोळी बदलली की बहुतेकांची ढास एक ते चार आठवड्यांत जाते, क्वचित कुणाला तीन महिनेही लागतात.

तुमचा हिशेब बघा. रामिप्रिल सुरू होऊन तीन महिने झाले, ढास सुरू होऊन दोन महिने. मेटफॉर्मिन सात वर्षं घेत आहात आणि त्या सात वर्षांत खोकल्याची तक्रार नव्हती. पत्रावरून निदान होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्या वडिलांचा दमा मी विसरलेले नाही, त्याकडे येतेच. पण डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘शुगरच्या गोळीने दमा झाला का’ हा नाही. ‘ही ढास रामिप्रिलची असेल का, आणि तिच्या जागी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी चालेल का’ हा आहे. या दुसऱ्या जातीच्या गोळ्याही मूत्रपिंड जपतात आणि त्यांच्याने अशी ढास क्वचितच लागते. मात्र रामिप्रिल स्वतःच्या मनाने थांबवू नका. बदल डॉक्टरांनीच करायचा, आणि त्यानंतर बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्यायचं. एक अपवाद आहे : ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर ती गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही आणि थेट इस्पितळात जायचं. तीही याच औषधाची, दुर्मिळ पण धोक्याची बाजू आहे.

तुमच्या दिरांनी सांगितलं ते अगदीच हवेतलं नाही. इंग्लंडमध्ये असा अभ्यास खरोखर झाला आहे. सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी फॅमिली डॉक्टरांकडच्या लाखो रुग्णांच्या नोंदी घेऊन पाहिलं, की टाइप २ मधुमेह असलेल्यांना नव्याने दमा किती होतो आणि कोणतं औषध घेणाऱ्यांमध्ये तो कमी-जास्त दिसतो. नुसता मधुमेह आहे म्हणून दमा वाढलेला त्यांना दिसला नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये दम्याचं प्रमाण काहीसं जास्त निघालं. इथवरची बातमी तुमच्या दिरांपर्यंत पोचली असावी. पण त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये दमा कमी आढळला, आणि सल्फोनिलयुरिया गटातली औषधं घेणाऱ्यांमध्येही कमी. तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड याच सल्फोनिलयुरिया गटातलं. म्हणजे ज्या दोन औषधांच्या भीतीने तुम्ही गोळी बंद केलीत, ती दोन्ही त्या अभ्यासात दम्याच्या उलट बाजूला उभी आहेत.

मेटफॉर्मिनबद्दल याहून अलीकडचंही काम आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दमा आणि टाइप २ मधुमेह दोन्ही असलेल्या लोकांना मेटफॉर्मिन सुरू केल्यावर दम्याचे झटके सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यात शुगर आणि वजन उतरवणाऱ्या लिराग्लुटाइड-सेमाग्लुटाइडच्या गटातलं इंजेक्शन जोडलं तेव्हा झटके आणखी ४० टक्क्यांच्या आसपास घटले. हे वाचून कुणी दम्यासाठी मेटफॉर्मिन मागायला जाऊ नये. ते दम्याचं औषध नाही. पण दम्याच्या धास्तीने ते सोडणं किती उलटं आहे, हे यावरून कळेल.

आता इन्सुलिनचं. काहीसं जास्त दिसलं हे खरं, मग घाबरायचं की नाही? हा अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला आहे. कुणाला इन्सुलिन द्यायचं आणि कुणाला नाही, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. रोजच्या व्यवहारात इन्सुलिन कुणाला मिळतं, ते पाहा : ज्यांचा मधुमेह जुना आहे, ज्यांची शुगर गोळ्यांनी आवरत नाही, वजन जास्त आहे, वारंवार जंतुसंसर्ग होतो, डॉक्टरांकडे खेपा जास्त होतात. यातल्या वजनाचा दम्याशी स्वतंत्र संबंध आहे, आणि जो माणूस डॉक्टरांकडे जास्त जातो त्याचा दमा कागदावर नोंदला जाण्याची शक्यताही जास्त. संशोधक या गोष्टींची वजावट करतात, पण ती पूर्ण होत नाही. दुसऱ्या बाजूने, इन्सुलिनमुळे श्वासनलिकेच्या स्नायूंचं आकुंचन वाढू शकतं असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, म्हणून या प्रश्नावर काम चालू राहणं योग्यच. पण आज या माहितीच्या आधारावर गरज असलेल्या रुग्णाचं त्वचेखाली टोचायचं इन्सुलिन अडवावं, असं मला मुळीच वाटत नाही.

याच्या समोर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. ब्रिटनमध्येच १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षं टाइप २ मधुमेहाचा एक मोठा अभ्यास चालला. त्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर एक अंकाने कमी असलेल्यांमध्ये डोळे आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळले. तुमचा आकडा ९.४ आहे आणि प्रथिनं गळायला लागली आहेत. मूत्रपिंडाचं नुकसान तुमच्या बाबतीत सुरू झालेलं आहे. पुढे कधीतरी होईल न होईल अशा दम्याच्या भीतीपायी आज घडत असलेलं हे नुकसान वाढू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मधुमेहाचं एक औषध मात्र असं आहे की जिथे दमा ही खरोखरची अडचण ठरते. ते म्हणजे तोंडाने ओढून फुप्फुसात घ्यायचं इन्सुलिन. अशा प्रकारचं पहिलं औषध २००६ मध्ये अमेरिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी कंपनीने विक्रीअभावी बंद केलं. दुसरं, अफ्रेझा नावाचं, २०१४ मध्ये तिकडे मंजूर झालं आणि भारतात त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ही पावडर ओढल्यावर दमा किंवा जुनाट श्वासविकार असलेल्या माणसाची श्वासनलिका एकदम आवळली जाऊ शकते. तसा ठळक इशाराच त्यावर छापलेला असतो, आणि सुरू करण्याआधी फुप्फुसांची तपासणी करावी लागते. ‘इन्सुलिन आणि दमा’ असं काही कानावर आलं की ते यातलं आहे की सुईच्या इन्सुलिनचं आहे, एवढं विचारून घ्या. तुम्हाला सांगितलेलं इन्सुलिन सुईचं आहे. त्यावर हा इशारा नाही.

पुडीबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण ही पुडी गावोगाव आहे आणि घेणारे तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलत नाहीत. बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडबाहेर दम्याची, सांधेदुखीची पुडी विकणारे बसतात. ‘झाडपाल्याची आहे, साइड इफेक्ट नाही’ असं सांगतात. पुडीवर ना नाव, ना तारीख, ना आत काय आहे याचा शब्द. अशा पुड्यांमध्ये कुटून मिसळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या तपासणीत अनेकदा सापडलेल्या आहेत. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे : भूक फार लागते, रात्री झोप नाही, शुगर २६८. स्टेरॉइड पोटात गेलं की नेमकं हेच होतं. भूक खवळते, झोप उडते, अंगात उसनी तरतरी येते आणि शुगर चढते. म्हणजे तुमची शुगर दोन बाजूंनी वर ढकलली गेली असण्याची शक्यता आहे, एकीकडे गोळी बंद आणि दुसरीकडे ही पुडी. ‘शुगर इतकी वाढली, आता इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही’ किंवा ‘सगळं हाताबाहेर गेलं’ असा निष्कर्ष या २६८ वरून काढू नका. पुडी थांबून, गोळी नियमित सुरू होऊन दहा-पंधरा दिवस गेले की जो आकडा येईल तो तुमचा खरा आकडा.

पुडी आठ दिवसच घेतली आहे, त्यामुळे ती एकदम थांबवली तरी सहसा अडचण येत नाही. पण हे वाचणाऱ्या कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर अचानक थांबवू नका. इतक्या दिवसांत शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, आणि ती तुटली की चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली, असं होऊ शकतं. पुडी डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावी लागते. आणि ताई, एक लक्षात ठेवा : पुडी थांबल्यावर स्टेरॉइडचा जोर ओसरेल आणि त्याच वेळी ग्लिमेपिराइड परत पोटात असेल. शुगर झपाट्याने खाली येऊ शकते. पहिला आठवडा सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी मोजा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि हे झाल्याचं डॉक्टरांना कळवा.

पुडीने ढास निम्मी झाली म्हणजे दमाच असणार, असंही धरू नका. स्टेरॉइडने दम्याचा खोकला कमी होतो हे खरं. पण पुडीत खोकला दाबणारं, गुंगी आणणारं दुसरं काही असू शकतं, आणि ढास आपोआपही कमी-जास्त होत असते. तरी वडिलांना दमा होता आणि रात्री त्रास वाढतो, म्हणून दमा आहे की नाही याचा सोक्षमोक्ष लावायलाच हवा. यासाठी स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. नळीत जोरात फुंकायचं, मग श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. औषधानंतर फुंकर ठरावीक प्रमाणापेक्षा सुधारली तर दम्याकडे बोट जातं. एका वेळी तपासणी ठीक आली तरी दमा नाहीच असं होत नाही, कारण तो लपाछपी खेळणारा आजार आहे. म्हणून पीक फ्लो मीटर नावाची साधी प्लास्टिकची नळी घरी आणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत मांडायचे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली की डॉक्टरांना निदान सोपं जातं. तुमच्याकडून मला हवी ती माहिती अशी : छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का? पहाटे दम लागून जाग येते का? झाडलोट, खडूची धूळ, उदबत्तीचा धूर, मळणीच्या दिवसांतला भुसा, यांनी त्रास उसळतो का? लहानपणी सर्दी-शिंकांचा, अंगाला खाज येण्याचा त्रास होता का? पत्रात यातलं काहीच नाही. फक्त ढास आहे, म्हणूनच माझा संशय रामिप्रिलकडे जास्त झुकतो.

आणि समजा दमा निघालाच, तरी त्यात शुगरच्या औषधांचा दोष शोधायचं कारण नाही. वडिलांकडून आलेली प्रवृत्ती तुमच्यात होतीच, ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर वर आली असेल. तेव्हा पंपाला नाही म्हणू नका. ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’, ‘पंपाची सवय लागते’ हे आपल्याकडे घट्ट बसलेले गैरसमज आहेत. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि थेट श्वासनलिकेत जातं. नेहमीच्या डोसला शुगरवर त्याचा परिणाम सहसा नगण्य असतो. डोस मोठा लागला तर शुगर थोडी वर जाऊ शकते, तेवढं लक्ष ठेवलं की झालं. पंप घेतल्यावर चूळ भरून टाका, नाहीतर तोंडात पांढरा चट्टा येतो, आणि मधुमेहात तो लवकर येतो. पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची किंवा स्टेरॉइडच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. त्यांनी शुगर उसळते, विशेषतः दुपारनंतर. दम्याच्या मोठ्या झटक्यात ती घ्यावीच लागतात, जीव त्यांनीच वाचतो. पण देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला शुगर आहे’ हे आधी सांगा आणि त्या दिवसांत शुगर जास्त वेळा मोजा. गावातल्या दवाखान्यात ‘एक सुई मारा, लगेच बरं वाटेल’ असं म्हणून दर महिन्याला हे इंजेक्शन घेणारे मधुमेही मी पाहते, तेव्हा फार वाईट वाटतं.

दमा आणि गोळी यांच्या पलीकडेही खोकल्याची कारणं आहेत, आणि मधुमेहात ती विसरून चालत नाही. मधुमेह असलेल्याला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचाच नियम आहे. तुमचे दोन महिने झाले. कफ पडत नसेल तर निदान छातीचा एक्स-रे काढाच. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलं तर पुढची तपासणी मोफत होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चढावर धाप लागते, पायाला सूज येते, उशा वाढवल्याशिवाय झोपता येत नाही, असं असेल तर हृदयाचा कार्डिओग्राम आणि सोनोग्राफी हवी. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो, कधी फक्त दमच लागतो. सात वर्षं मेटफॉर्मिन घेतलंय, तर बी१२ आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्या. बी१२ कमी होणं हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, आणि रक्त कमी झालं की जिना चढताना धाप लागतेच. उपाय सोपा आहे, बी१२ भरून काढायचं, मेटफॉर्मिन सोडायचं नाही.

एक काम घरी करा. गोळीच्या पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून बारीक अक्षरातली नावं वाचा. आपल्याकडे दोनऐवजी तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. तिसरं नाव पायोग्लिटाझोन असेल तर त्याने अंगात पाणी साठून पाय सुजू शकतात आणि हृदय कमजोर असेल तर धाप लागू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उलट्या, उपास किंवा मोठं आजारपण आल्यावर डॉक्टरांना विचारून ती थांबवावी लागते, कारण शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं आणि श्वास खोल चालतो. घरात इतर कोणती औषधं तुमच्या पोटात जातात तेही लिहा. हात थरथरतात किंवा अर्धशिशी म्हणून दिलेलं प्रोप्रॅनोलॉल, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचं टिमोलॉल, अंगदुखीची गोळी. ही मधुमेहाची औषधं नाहीत, पण दम्याची प्रवृत्ती असलेल्या माणसाची छाती ही औषधं आवळू शकतात. डोळ्यांत घातलेल्या थेंबाने छाती आवळते हे कुणाला सुचतही नाही.

राहिला जन्मभराचा प्रश्न. टाइप २ मधुमेहात झोपतानाचं इन्सुलिन सुरू केलं म्हणजे ते कायमचं, असा नियम नाही. काहींना ते पुढे लागतंच, कारण वर्षांगणिक स्वादुपिंड थकत जातं. काहींचं वजन उतरलं, शुगर ताब्यात आली, की डोस कमी होत होत सुटतंही. तुमच्या बाबतीत मी आधी एवढंच विचारेन, की पुडी बंद होऊन गोळी नियमित सुरू झाल्यावर आकडे काय येतात. ते बघून इन्सुलिन, का दुसरी गोळी, का आठवड्यातून एकदा घ्यायचं दुसरं इंजेक्शन, हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवा. इन्सुलिन म्हणाले तर दम्याचं कारण पुढे करून नाही म्हणू नका.

गोळी बंद केली आणि पुडी घेतली हे सांगायला तुम्हाला संकोच वाटेल. डॉक्टर रागावतील अशी भीती असते आणि मग रुग्ण ‘गोळ्या नियमित चालू आहेत’ असं सांगून मोकळे होतात. पुढे डॉक्टर २६८ बघून डोस दुप्पट करतात आणि खरी गोष्ट कुणालाच कळत नाही. म्हणून खुर्चीवर बसल्या बसल्या हेच म्हणा : ‘सर, खोकल्याला घाबरून मी बारा दिवस शुगरची गोळी घेतली नाही. आठ दिवस ही पुडी घेतली, ती ही बघा. रामिप्रिल सुरू झाल्यानंतर महिन्याभराने ढास लागली. वडिलांना दमा होता.’ ही चार वाक्यं कागदावर लिहूनच न्या आणि सगळी पाकिटं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते ना, तर या शनिवारीच दुपारी जा.